तुळईवरचा दोर

दोर वळणाऱ्या दोन बायकांचं आपसांत पटो न पटो, थांबायचं झालं तर दोघींना एकदमच थांबावं लागतं. एक चाकाशी बसून आकडा फिरवते. दुसरी कमरेला वाखाची मोळी गुंडाळते आणि उलट्या पावलांनी मागं मागं जात, छातीशी धरलेल्या दोन्ही हातांच्या बोटांतून तो वाख थोडा थोडा सोडत राहते. मागं जाणारी मध्येच थबकली तर पीळ चढून दोराची वेटोळी होतात. चाकावरची थबकली तर वळलेला पेड सुटतो आणि हातात नुसत्या झिपऱ्या राहतात. त्यामुळं त्या घरातली भांडणंसुद्धा चालत्या चाकावर व्हायची, आणि तीही ओरडून, कारण भांडणाऱ्या दोघींच्या मधे सगळं अंगण पसरलेलं असायचं.

पूर्वी वाख सोडायला थोरली जाऊ असायची आणि चाकावर धाकटी. आता वाख धाकटी सोडत होती, चाकाशी सासू बसली होती आणि थोरली कडेला स्टुलावर बसून कोंबड्या हाकत होती. तेही उजव्या हातानं. डावा हात गळ्यातल्या फडक्यात लेकरासारखा निजवलेला होता. थंडीच्या दिवसांत मोठ्या दवाखान्यात तिची डावी छाती काढून टाकली, काखेपर्यंत चिरलं. जखम भरली, खपली पडली, औषधानं गेलेले केस पुन्हा खुरटे खुरटे उगवले. हात तेवढा परत आला नाही. खांद्यात तो गंजल्या बिजागरीसारखा धरला होता आणि कोपराच्या खाली असा सुजला होता की बोटं मिटली तरी मूठ होत नव्हती.

उन्हाळा सरायला आला होता, पण सरत नव्हता. आभाळ राखेनं सारवल्यासारखं, वारा ठार पडलेला. गावामागचं तळं आटून आटून बुडाशी गेलं होतं आणि त्यात वाखासाठी कुजत घातलेल्या घायपाताच्या पानांचा वास घरात, अंथरुणात, चहाच्या कपात येऊन बसला होता. म्हातारी सासू म्हणायची, असा वास सुटला की काहीतरी घडतं. म्हातारीला दर उन्हाळ्यात असं वाटायचं. या खेपेला थोरलीलाही वाटत होतं.

कोंबड्या हाकणाऱ्या माणसाला एक काम मात्र चांगलं जमतं, ते म्हणजे बघणं. थोरलीनं पाहिलं, धाकटीनं मोळी नेहमीपेक्षा खाली बांधली आहे. उजव्या अंगाला, काखेखाली, जुन्या कापडाची घडी खोचली आहे. आणि मागं सरकताना मोळीचं टोक वर येऊन छातीला घासलं, तशी ती श्वास धरून तिरकी झाली. अर्धा पळभर. लगेच सावरून हसली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, चाक फिरवताय की डुलक्या काढताय?"

सासूनं तिथूनच तिच्या माहेरच्या माणसांचा उद्धार केला. थोरलीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ते तिरकं होणं तिच्या ओळखीचं होतं. तिथं धक्का लागू नये म्हणून अख्खं एक वर्ष ती स्वतः तशी तिरकी होत होती.

गावात नर्सबाई येऊन गेली होती, त्यालाही बराच काळ लोटला होता. शाळेच्या व्हरांड्यात बायकांना बसवून तिनं सांगितलं होतं की महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी आपल्या हातानं आपली छाती चाचपत जा, काही टणक लागलं, कातडी ओढल्यासारखी दिसली, तर दुखत नसलं तरी दाखवायला या, दुखायची वाट बघू नका. बायका तोंडाला हात लावून खिदळल्या होत्या. सगळ्यांत मोठ्यांदा धाकटी. ती म्हणाली होती, "बाई, आमच्याकडं बघायला नवऱ्याला सवड नाही, आम्हाला कुठून मिळायची?" थोरलीही हसली होती. हसता हसता तिचा हात आपोआप डावीकडं गेला होता आणि तिनं तो मागं घेतला होता. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण करणाऱ्यानं निदान जावई तरी धरला होता. इथं तर सांगायलाच कोणी नव्हतं.

दुपारी धाकटी तळ्यावर पानं धोपटायला गेली तशी थोरली तिच्या मागं गेली. चिखलात घोट्यापर्यंत पाय रुतलेले, धाकटीच्या हातातलं धोपटणं वरखाली होत होतं. डाव्या हातात. ती काही डावखुरी नव्हती.

थोरलीनं आडवळण घेतलं नाही. गाठ किती मोठी आहे, एवढंच विचारलं.

धोपटणं थांबलं. धाकटीनं आधी कसली गाठ, कुठली गाठ केलं, मग उन्हानं तुमचं डोकं फिरलंय म्हणाली, मग घरात कुणाला सांगितलंत तर याच तळ्यात मला बघायला याल, असंही म्हणाली. आणि मग पानांच्या ढिगावर बसून, अगदी वाण्याच्या दुकानात भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "आहे. मग?"

"मग काय? दवाखान्यात चल."

"जाऊबाई, मी रोज तुमचा हात बघते. कपडे तुम्हाला मी घालते, केस मी विंचरते. गेलात तेव्हा दोन हातांच्या गेलात, आलात एका हाताच्या. आता मीही जाते. मग चाक कोण फिरवणार, वाख कोण सोडणार? आत्याबाई?" ती थोडी हसली. "दोरवाल्यांच्या घरात दोन थोट्या. लोक बघायला येतील."

त्यातही आणखी एक गोष्ट होती, ती तिनं जाता जाता सांगितली. थोरलीचं दुखणं गावाला कळलं तेव्हापासून अंडी न्यायला येणारी अंडीवाली या घरात पाणी पीत नव्हती. आता दुसरीचंही निघालं तर ती म्हणेल, लागलं, एकीचं दुसरीला लागलं. असलं दुखणं लागत नाही हे दवाखान्यात सांगतात, पण अंडीवाली कुठं दवाखान्यात येते. "तुम्हाला गोठ्यात नेऊन निजवतील," धाकटी म्हणाली, "आणि मी बघत बसू?"

थोरली परत आली ती आपल्या बांधलेल्या हाताकडं बघत. नवऱ्याला सांगावं, दिराला सांगावं, ओढून न्यावं, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पण धाकटीला ओळखत होती ती. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. ओढून नेली तर दवाखान्याच्या दारातून पळून येईल. आणि ओढून नेताना लोक तिला काय सांगणार, की घाबरू नकोस, तुझी जाऊ बघ कशी झाली? तेच तर ती बघत होती. गळ्यातल्या फडक्यातला तो हात दोघींच्या मधे आडवा पडला होता.

दुसऱ्या दिवशी जखम तपासायला जाते असं सांगून थोरली एकटीच बसनं मोठ्या दवाखान्यात गेली. तिथं पायऱ्यांखालच्या खोलीत एक बाई बसायची, जिला सगळे व्यायामवाली म्हणत. ऑपरेशननंतर हिनंच थोरलीला खाटेवर मूठ उघडायला, मिटायला शिकवलं होतं आणि घरी काय काय करायचं तेही दाखवलं होतं. घरी आल्यावर ते सगळं राहून गेलं. सासू म्हणाली, कापलेलं अंग हलवलं तर टाके उसवतात. नवरा म्हणाला, आयुष्यभर राबलीस, आता बस. धाकटीनं तर स्वतःच्या नव्या फडक्याची झोळी करून हात तिच्यात बांधला. कुणी एक काडी उचलू दिली नाही. थोरलीला बरं वाटलं होतं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच कुणी तिला बस म्हणत होतं.

व्यायामवालीनं झोळी सोडली, हात इकडून तिकडून दाबून पाहिला. मग म्हणाली, "हात मेलेला नाही, मावशी. बांधून ठेवलाय."

तिनं सगळं पुन्हा दाखवलं. सुजेसाठी हाताला घट्ट बाही दिली. बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी, आणि तुळईवरून एक दोर टाकून त्याची दोन टोकं दोन हातांत धरायची. चांगल्या हातानं खाली ओढलं की अडलेला हात आपोआप वर जातो. ओढ लागेल तिथं थांबायचं, झटका द्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही, कापू-भाजू द्यायचं नाही. रोज करायचं. थोरलीनं विचारलं, लवकर होईल का. ती म्हणाली, घाई कसली आहे? थोरलीनं धाकटीची गाठ सांगितली आणि हा हात उठलेला दिसल्याशिवाय ती यायची नाही, हेही. तेव्हा व्यायामवालीच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. म्हणाली, "तुमचा हात वर जायची वाट बघू नका. तिला आधी आणा."

पण आणणार कशी, हे तिनं सांगितलं नाही. तिला तरी कुठून ठाऊक असणार.

वाखाच्या कोठीत वर एक जुनी तुळई होती. घर कामाला लागलेलं पाहून थोरली कोठीत शिरली, दार ओढून घेतलं, चांगला मऊसा दोर निवडला. डाव्या बोटांना पकड नव्हती, म्हणून दोराच्या त्या टोकाला तिनं मनगट जाईल एवढा फासा केला. दुसरं टोक उजव्या हातानं वर भिरकावलं. दोन-तीनदा हुकलं, मग तुळईवरून ते खाली आलं. खाली स्टूल ठेवलं. आणि स्टुलावर बसायला ती वळली, तेवढ्यात सासू वाख न्यायला दार ढकलून आत आली.

म्हातारीनं काय पाहिलं? बंद खोली, तुळई, दोराचा फासा, खाली स्टूल आणि कापलेल्या छातीची सून.

म्हातारी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती येऊन थोरलीच्या पायांना मिठी मारून बसली आणि सोडीनाच. तिच्या तोंडून आवाज फुटला तो धाकटी आल्यावर, आणि मग मात्र असा फुटला की तळ्यावरचे लोक धावत आले. थोरली सांगत होती की व्यायाम आहे, व्यायाम. पण गळफासाला आजवर कुणी व्यायाम म्हटलं नव्हतं. नवऱ्यानं कोठीला कुलूप घातलं. म्हातारीनं हुकूम सोडला की घरातले सगळे दोर लपवा. आता दोरवाल्याच्या घरातले दोर लपवायचे म्हणजे नदीतलं पाणी लपवायचं. दिरानं वळलेल्या दोरांचे भारे शेजाऱ्याच्या माळ्यावर टाकले, दावी सुटल्यामुळं दोन्ही म्हशी गावभर फिरल्या, आणि विहिरीवर पोहऱ्याला दोर नाही म्हणून दिवसभर कुणी अंघोळ केली नाही. त्या घरात म्हातारीचा कुठलाही हुकूम इतका मन लावून पाळला गेलेला थोरलीनं कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळपर्यंत अंगण बायकांनी भरलं. कुणी विचारायला आल्या, कुणी बघायला. अंडीवाली फाटकाबाहेरच उभी होती. धाकटी चाकाला टेकून उभी होती, हात छातीवर आवळलेले, ओठ पांढरे. ती थोरलीकडं अशी बघत होती की थोरलीला एकदम कळलं, हिनं म्हातारीपेक्षा वेगळं काही पाहिलेलं नाही. हिच्या मते दवाखान्यातून परत येणं म्हणजे शेवटी हेच.

थोरली उठली. नवऱ्याला म्हणाली, दोर द्या. तो देईना. तेव्हा तिनं गावभर फिरून परतलेल्या म्हशीच्या गळ्यातला उरलेला कासरा सोडून घेतला, अंगणातल्या मांडवाच्या आडव्या बल्लीवरून टाकला आणि सगळ्यांच्या देखत खाली बसली. डावं मनगट फाश्यात अडकवलं, उजव्या हातानं ओढलं. हात उठला. कमरेपासून पोटापर्यंत, पोटापासून छातीच्या मोकळ्या जागेपर्यंत, आणि तिथं थांबला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं दोर हळूच सैल केला आणि पुन्हा ओढला.

ओढता ओढताच ती बोलू लागली, कुणाकडंही न बघता. तिला कॅन्सर झाला होता. तसलं दुखणं नाही, वाईट नजर नाही, कॅन्सर. गाठ हाताला लागली तेव्हा हरभऱ्याएवढी होती. दुखत नव्हती, म्हणून ती गप्प बसली. वर्षभर ती अंघोळ करताना तिकडं हात नेत नव्हती. हरभऱ्याची सुपारी झाली तेव्हा सांगितलं. "हरभऱ्याएवढी असताना सांगितलं असतं तर कदाचित छाती राहिली असती," ती म्हणाली. "हात तर नुसता हलवत राहिले असते तरी राहिला असता. तो दवाखान्यात गेला नाही. तो इथं, या घरात गेला."

"आम्ही बांधून ठेवला," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"मायेनं बांधलात, आत्याबाई. मीही बांधून घेतला."

एक एक करून बायका उठून गेल्या, नेहमीसारखा निरोप न घेता. जाताना बऱ्याच जणींचे हात गळ्याशी, छातीशी, कपड्यांवरून उगाच काही नीट करत होते. धाकटीनं म्हशी गोठ्यात हाकायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

त्यानंतरचे दिवस थोरलीला सगळ्यांत जड गेले. हात रोज थोडा वर जात होता, कधी मुळीच जात नव्हता. सूज सकाळी उतरायची, रात्री चढायची. म्हातारी आता दोर स्वतः बांधून द्यायची आणि समोर बसून बघायची. भिंतीवर बोटं चढवताना थोरलीला मागून धाकटीची पावलं ऐकू यायची, ती थांबायची, आणि निघून जायची. धाकटीनं मोळी आणखी खाली बांधायला सुरुवात केली होती. पूर्वीसारखी ती सासूला टोमणे मारत नव्हती. जेवण अर्धं ठेवून उठायची. थोरली विचारायची, ती मान हलवायची. एकीकडं हात चढत होता आणि दुसरीकडं ते, न दिसणारं, तेही चढत होतं. कोण आधी पोचणार याची शर्यत लागली होती आणि थोरलीचा स्वयंपाकघरातल्या फडताळापर्यंत हात जाईना.

मग एका सकाळी तिनं कुणाला न विचारता वाखाची हलकी मोळी कमरेला गुंडाळली. धाकटी तळ्यावरून आली तर ही अंगणात उभी, दोन्ही हात छातीशी. म्हातारी चाकाशी. "फिरवा," थोरली म्हणाली.

चाक फिरलं. थोरली एक पाऊल मागं गेली. डावी बोटं जाडी, आंधळी, वाख गुच्छा गुच्छानं सुटत होता. पहिला हातभर दोर असा निघाला की एखाद्या नव्या सुनेनं वळला असता तर म्हातारीनं तिला माहेरी धाडलं असतं. म्हातारी चाक फिरवत राहिली. थोरली मागं मागं जात राहिली. हळूहळू बोटांना जुनं आठवलं. अंगणाच्या टोकाला, कुंपणाशी, पाठ टेकली तेव्हा चाकापासून तिच्यापर्यंत एक दोर ताणलेला होता, ओबडधोबड, पण पिळाचा. आणि तो धरून ठेवलेला हात छातीच्या वर होता.

धाकटी दोराच्या कडेकडेनं चालत आली. बोटांनी तो चाचपत आली, जिथं वाईट होता तिथं नाक मुरडत. जवळ येऊन थोरलीच्या सुजलेल्या मनगटाला तिनं हात लावला, जणू खरंच आहे का ते बघत होती.

"हा दोर कुणी विकत घेणार नाही," ती म्हणाली.

"नको घेऊ देत. चाक बंद पडणार नाही, एवढं पुरे."

धाकटीनं तिच्या सुजल्या बोटांत अडकलेला वाखाचा धागा काढला. मग म्हणाली, "उद्याच्या बसनं."

बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. गाव मागं पडेपर्यंत धाकटी बडबडत होती, म्हशींचं, नवऱ्याच्या आळसाचं, अंडीवालीच्या चालण्याचं. मग खिडकीतून तळं दिसेनासं झालं आणि ती गप्प झाली. आभाळ तसंच होतं, दाटलेलं आणि कोरडं.

"जाऊबाई, एक सांगते. तुमच्या गाठीच्या आधीपासून माझी आहे."

थोरलीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"तुम्हाला दवाखान्यात न्यायचं ठरलं ना, त्या सकाळी मी सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, एक बरं, धाकटी धडधाकट आहे, चाक बंद पडायचं नाही." तिनं खांदे उडवले. "मग काय सांगू?"

थोरलीला ती सकाळ आठवली. ते वाक्य ऐकून तिला धीर आला होता, हेही आठवलं. हाताचं काय मग, तिनं विचारलं, हाताला भ्यायलीस म्हणालीस ते? धाकटी म्हणाली, तेही खरं होतं, पण ते नंतरचं. किती नंतरचं, किती वाढलं असेल, हे थोरलीनं मनात मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिलं.

"हात पुढं कर," ती म्हणाली. "मूठ मीट. आता उघड, बोटं ताण. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून हे करायचं. मी घरी आल्यावर सोडलं. तू आत जायच्या आधीच शिकून घे."

धाकटीनं मूठ मिटली, उघडली. थोरलीनं तिच्या मांडीशेजारी आपली सुजकी मूठ धरली. दोघी तशाच बसल्या, मिटत, उघडत.

समोरच्या बाकावरून एक म्हातारा बघत होता. त्यानं विचारलं, कुठं निघालात दोघी? अशा वेळी पाहुण्यांकडं निघालोय म्हणायचं असतं. थोरली म्हणाली, "दवाखान्यात. हिच्या छातीत गाठ आहे."

म्हातारा घाईनं खिडकीबाहेर बघू लागला. त्याच्या पलीकडं भाजीची रिकामी टोपली घेऊन एक बाई बसली होती. तिनं ऐकलं, टोपली उचलली आणि जागेवरून उठली. धाकटीनं थोरलीला कोपरखळी मारली, बघा, निघाली अंडीवालीची बहीण.

बस वळणावर झुकली. बाई दांड्याला धरून धडपडत आली आणि त्यांच्या मागच्या बाकावर टेकली. टोपली मांडीवर घेतली. मग दोघींच्या मधे तोंड आणून तिनं अगदी हळू विचारलं, "बाई, हाताला कशी लागते ती गाठ?"